अन्न, मन आणि भुकेल्याचा राग

उपवासाच्या दिवशी सायंकाळी शांत स्वभावाचा माणूसही क्षुल्लक कारणावरून चिडतो. हा दोष त्याच्या स्वभावाचा म्हणावा की रिकाम्या पोटाचा? मनाचा तोल अन्नावर अवलंबून असेल, तर रागाची जबाबदारी कोणाची?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी आपला पुत्र श्वेतकेतू यास सांगतात की, अन्नाच्या अत्यंत सूक्ष्म अंशापासून मन घडते. पुत्राची खात्री पटावी म्हणून ते त्यास पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहावयास सांगतात. बारा वर्षे वेदाध्ययन केलेल्या श्वेतकेतूस त्यानंतर काहीच आठवेनासे होते. भोजन केल्यावर मात्र सर्व विद्या पुन्हा स्फुरते.

आधुनिक विज्ञानाचा अनुभवही असाच आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनिन हे रसायन ज्या ट्रिप्टोफॅनपासून बनते, ते शरीर स्वतः निर्माण करू शकत नाही. दूध, डाळी, तीळ, शेंगदाणे अशा आहारातूनच ते मिळते. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण प्रयोगासाठी स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. ते चिडखोर व उदास झाले आणि त्यांचे चित्त अहोरात्र अन्नातच गुंतून राहिले.

म्हणून मनुष्य सर्वस्वी पराधीन ठरतो काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे भेद सांगितले आहेत. भेद जाणल्यावर निवडीचे दायित्व येते. ज्यास काय व किती खावे हे ठरविता येते, त्याने आपल्या क्रोधाचे खापर पोटावर फोडू नये. उपवास स्वेच्छेचा असेल, तर त्या दिवशी वाणीवरही संयम ठेवणे हे व्रताचेच अंग होय.

परंतु ज्याच्या ताटात काहीच नाही, त्याच्या कठोर शब्दांना दुर्गुण म्हणणे हा अन्याय होय. स्वतःच्या रागाबाबत कठोर आणि भुकेल्याच्या रागाबाबत क्षमाशील असणे, हाच येथे विवेक. उद्दालकांनीही भुकेल्या पुत्रास आधी जेवावयास सांगितले आणि मगच ज्ञान दिले.