चिपी ते बेलोरा, व्हाया चाकण

पहाटे भोसरी-मोशीच्या नाक्यांवर कंपनीच्या बसची वाट बघत पोरं उभी असतात. त्यांत एखादा मालवणकडचा निघतो, तर त्याच्या शेजारचा अमरावतीकडचा. दोघांच्याही जिल्ह्यांत आता विमानतळ आहे. सिंधुदुर्गात चिपीचा ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, अमरावतीत बेलोऱ्याचा १६ एप्रिल २०२५ ला.

या दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ६९० किलोमीटर भरतं. संगणकाला विचारलं तर तो उड्डाणाचा वेळही बिनदिक्कत सांगतो. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या आसपास धावतं, म्हणजे दीड तासाच्या आतच. पण नुसत्या भागाकारावर विसंबू नये. बेलोरा ते मुंबई हे अंतर ५४० किलोमीटरच्या घरातलं, तरी वेळापत्रक पावणेदोन तासांच्या आसपास धरतं. जागेवरून हलणं, धावपट्टी गाठणं, वर चढणं, खाली उतरणं हे सगळं त्या वेळात मोजलेलं असतं. छोट्या पल्ल्यात या चढउताराचाच वाटा मोठा. त्या हिशेबाने चिपी ते बेलोरा दोन तास धरू.

मात्र त्या रेषेवरून थेट विमान जात नाही. कोण बसणार त्यात? मालवणच्या माणसाचं अमरावतीत काय काम, आणि अमरावतीच्या माणसाचं चिपीत?

काम आहे ते इथे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात टेल्को. मग आकुर्डी, भोसरी आणि शेवटी चाकण. कोकण आणि वऱ्हाड एकाच असेंब्ली लाइनवर आले ते या कारखान्यांमुळे. गंमत म्हणजे चिपीहून पुण्याला येऊन पुढे बेलोऱ्याला जायचं ठरवलं, तरी आकाशातून हा वळसा जेमतेम ६५ किलोमीटरचा पडतो. नकाशावर आडबाजूला दिसणारी ही औद्योगिक पट्टी त्या दोघांच्या तशी वाटेवरच आहे म्हणायची.

विमानाने जायचं म्हटलं तरी आधी पुण्याचा लोहगाव विमानतळ गाठायला हवा. चाकण चौकातली ट्रकांची रांग, नाशिक फाट्याची कोंडी... कधीकधी तर चिपीचं उड्डाण संपेल एवढा वेळ त्यातच जातो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. पुण्याचा नवा विमानतळ एके काळी चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला व्हायचा होता. २०१६ मध्ये तो बेत पुरंदरकडे वळला. तो चाकणला झाला असता तर तिथल्या जमिनींचं काय झालं असतं, हे खेडच्या शेतकऱ्याला विचारावं. त्याचं उत्तर कंपनीवाल्याच्या उत्तराशी जुळेलच असं नाही.

तर गावाचं अंतर ही पोरं किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. ट्रॅव्हल्सची एक रात्र जायची, एक यायची, आणि मधल्या दिवसांसाठी सुपरवायझरने किती रजा मंजूर केली, असा त्यांचा हिशेब. रजा कमी पडली की तो आपसात जुळवायचा. कॅन्टीनच्या रांगेतच व्यवहार ठरतो: “पोळ्याले माही पाळी तू कर, गणपतीत तुही मी करतो.”