धाव आणि दान

दान करावयास पाय कशाला लागतात, असा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या गृहस्थाने विचारला असता, तर त्यास वेडगळ म्हणावयास कोणीही धजले नसते. द्यावयाचे ते हाताने द्यावे, आणि ह्या हाताचे त्या हातास कळू नये, अशी आपल्याकडील जुनी समजूत. हल्ली मात्र ठाण्या-कल्याणाकडील एखादा नोकरदार तरुण आपल्या नातलगांस, शेजाऱ्यांस व कचेरीतील सोबत्यांस कळवितो की, येत्या जानेवारीत मी अमुक संस्थेच्या मदतीसाठी बेचाळीस किलोमीटर धावणार आहे, तरी आपण यथाशक्ति साह्य करावे. आणि नवल असे की, साह्य येते. जे गृहस्थ त्याच संस्थेचे छापील विनंतिपत्र न वाचताच रद्दीत टाकतात, तेच पुतण्या धावणार म्हणून हजार रुपये पाठवितात. पुतण्याच्या धावण्याने त्या संस्थेतील एकाही मुलाच्या ताटात भाताचे शीत पडत नाही. पडते ते काकांच्या रुपयांमुळे. मग हे रुपये धावण्यावाचून का हलले नाहीत?

मुंबईची ही मोठी शर्यत २००४ साली सुरू झाली. तिच्या निमित्ताने दरसाल शेकडो संस्थांसाठी कोट्यवधी रुपये गोळा होतात, आणि शर्यतीच्या दिवशी कल्याणाहून पहाटे तीनच्या सुमारास धावपटूंसाठी खास लोकल सोडण्याचा प्रघात मध्य रेल्वेने अलीकडच्या वर्षांत ठेविला आहे. ठाण्याची स्वतःची वर्षा मॅरेथॉन याहून जुनी. ती महानगरपालिका भर पावसात भरविते. पण तिच्यात शर्यतीची हौस अधिक व निधीचा भाग गौण असतो. शर्यतीचे नेमके अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे १९०८ च्या लंडन येथील ऑलिंपिकापासून आलेले व १९२१ साली कायम झालेले. आपल्या वाचकांस ते निराळ्या तऱ्हेने सांगता येईल. बोरीबंदरावरून निघून रुळांच्या कडेने ठाण्याच्या दिशेने धावत सुटले, तर ठाणे, कळवा, मुंब्रा मागे टाकून ही शर्यत दिव्याच्या आसपास संपेल. डोंबिवलीकरास घर गाठावयाचे तर आणखी थोडे धावावे लागेल.

महाराष्ट्रात धाव आणि पैसा यांची गाठ पूर्वीही पडलेली आहे, पण उलट्या दिशेने. १९२० साली बेळगावकडील फडेप्पा चौगुले अँटवर्प येथील ऑलिंपिकात मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतीत अनवाणी धावणारी मंडळी पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात आपले खेळाडू तिकडे पाठविण्याचे आले, व त्यांनी स्वतः पदरमोड केली. तेथे माणसास धावता यावे म्हणून पैसा जमविला गेला. येथे पैसा जमावा म्हणून माणूस धावतो. पहिला व्यवहार समजण्यास काहीच कठीण नाही. दुसऱ्याचे मूळ शोधावे लागते.

ते मूळ आमच्या मते नवसात आहे. लेकराच्या दुखण्यात आई अनवाणी देवीचा डोंगर चढते, तेव्हा तिच्या पायांच्या फोडांचा आणि लेकराच्या तापाचा वैद्यकीय संबंध काय, असे कोणी पुसत नाही. कष्ट हे येथे तारण असते. आपण जे मागतो ते मनापासून मागतो, याची ती खूण. क्रिस्टोफर ओलिव्होला व एल्डार शफीर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले की, सत्कार्यासाठी सुखाची मेजवानी ठेवण्यापेक्षा कष्टाचा वा वेदनेचा प्रसंग ठेविला तर लोक अधिक देण्यास तयार होतात. नवसाची ही पोटजात शास्त्रज्ञांच्या टाचणात सापडावी, याची आम्हांस थोडी गंमत वाटते.

परंतु सर्वच कष्ट सारखे नव्हेत. अण्णासाहेब कर्वे पुण्यातील महाविद्यालयाचे काम आटोपून हिंगण्याच्या आश्रमाकडे कित्येक वर्षे पायी जात, ते कोणास दाखविण्यासाठी नव्हे. तिकडे काम होते व जावयास दुसरी सोय नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडासाठी माणशी एकेक पैसा मागत पायपीट केली, व त्यातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. त्यांचे प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी दाराशी जाऊन थांबत होते. धावपटूचे पाऊल मात्र कोणाच्याच दाराशी थांबत नाही. ते जेथून निघते तेथेच बहुधा परत येते.

याला एक लखलखीत अपवाद आहे. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय कर्करोगामुळे १९७७ साली गुडघ्याच्या वर कापावा लागला. १९८० च्या एप्रिलात कृत्रिम पायाने तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला, आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसांत पोहोचला तेव्हा त्यास थांबावे लागले. पुढल्या वर्षी जूनमध्ये तो वारला. त्याची मागणी होती माणशी एक डॉलर. काळे यांचा पैसा आणि हा डॉलर ही भावंडेच म्हणावयाची, आणि देशाच्या लोकसंख्येइतके डॉलर त्याच्या हयातीतच जमले. येथे धाव आणि कार्य यांत फट नव्हती. ज्याच्यासाठी मागावयाचे तो रोग मागणाऱ्याच्याच देहात होता.

आता एक अवघड गोष्ट बोलावयास हवी. जी शर्यत दिव्याच्या आसपास संपेल असे वर म्हटले, त्याच दिवा-मुंब्र्याच्या टापूत ९ जून २०२५ रोजी सकाळी गर्दीच्या लोकलांच्या दारांत लोंबकळणारे उतारू खाली पडले व किमान चौघांचे प्राण गेले. डोंबिवली-कल्याणचा माणूस रोज जे सोसतो त्यास कष्टच म्हणावे लागेल, पण त्याच्या नावे कोणी पावती फाडीत नाही. लादलेल्या कष्टास आपण सरावतो आणि निवडलेल्या कष्टास वर्गणी देतो. बारामतीच्या लताबाई करे यांनी हा भेद एका धावेत पुसून टाकला. साठी उलटलेली ही शेतमजूर बाई नवऱ्याच्या उपचारास पैसे हवेत म्हणून ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि पहिली आली. तिच्यावर पुढे चित्रपट निघाला, त्यात तीच स्वतःच्या भूमिकेत उभी राहिली, व राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला. आपण टाळ्या वाजविल्या. उपचारासाठी म्हातारीस धावावे लागले, हे मात्र टाळ्यांच्या आवाजात विरून गेले. गरजू मनुष्याने आपली गरज सिद्ध करण्यासाठी धावून दाखवावे, अशी सवय समाजास जडली तर ती दयेची सवय नव्हे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तप आणि दान या दोहोंचेही तीन तीन प्रकार सांगितले आहेत, आणि मानासाठी केलेल्या तपास राजस म्हटले आहे. या मापाने पाहिले तर हल्लीच्या धावेत राजस अंश पुष्कळ. काही शर्यतींत तर ठराविक रक्कम संस्थेस मिळवून दिली की प्रवेश हमखास मिळतो. मग दान कोणते आणि तिकीट कोणते, हे ओळखणे कठीण. तरी एवढ्यावरून हा सारा प्रकार टाकाऊ ठरविण्यास आम्ही तयार नाही. राजस रुपयानेही औषध येते. आमचा खरा आक्षेप निराळा आहे. काकांनी पैसे पुतण्यास दिलेले असतात, संस्थेस नव्हे. पुतण्याचा गुडघा दुखू लागला की संस्थेची आवकही लंगडू लागते.

आणि तरीही या तरुणाच्या पत्रात एक गोष्ट आहे जी आम्हांस त्याच्या बेचाळीस किलोमीटरांहून मोठी वाटते. मध्यमवर्गातील आपला मनुष्य कर्ज काढील, पण मागणार नाही. दुसऱ्यासाठी मागणे तर त्याहून कठीण, कारण नकाराचा अपमान आपल्या वाट्यास येतो आणि लाभ परक्यास होतो. माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर मागण्याची ती लाज गिळण्याची विद्याही गेली. धावेच्या आडोशाने का होईना, ती पुन्हा येत असेल तर धावपटूने आडोसा थोडा बाजूस सारून पाहावा. सरावासाठी येऊरच्या चढावर जाणाऱ्या रविवारांपैकी एखादा रविवार त्याने ज्या संस्थेसाठी मागितले तेथे घालवावा, तेथील मुले सकाळी काय खातात व शिक्षिकेस पगार किती मिळतो हे पाहावे, आणि पुढले पत्र पदकाच्या छायाचित्राऐवजी त्याविषयी लिहावे. काकांनीही त्या पत्रास उत्तर पाठवावे, पुतण्या त्या वर्षी धावणार असो वा नसो.