काचेमागचा हात

विदर्भातल्या भातकुलीसारख्या गावातल्या एखाद्या जुन्या घराचे देवघर डोळ्यांपुढे आणा. बाहेर काळ्या मातीत कपाशी उभी आहे. आत समईच्या उजेडात भिंतीवर काचेवर रंगवलेले एक चित्र आहे, लक्ष्मीचे किंवा मुरलीधराचे. मांडी घालून बसा. श्वास आपल्या लयीने येऊ द्या. अजून काही विचारायचे नाही, नुसते पाहायचे.

आधी काच पाहा. हाताने घडवलेली जुनी काच पुरती सपाट नसते. मान जराशी हलवली की देवीच्या गालावरून उजेडाची एक लाट सरकते. रंग मात्र या बाजूला नाहीच. तो काचेच्या पाठीवर आहे, आणि आपण काचेतून त्याच्यापर्यंत पोचतो आहोत.

आता मनानेच उठा आणि चित्रकाराच्या बाजूला जाऊन बसा. कागदावर जे शेवटी काढतात, ते इथे आधी काढावे लागते. डोळ्यांतली बाहुली, भुवईची रेघ, नथीतला मोती, शालूच्या काठावरची बुट्टी. ते वाळले की त्यावर अंगाचा रंग, मग वस्त्रे, आणि अगदी शेवटी मागची भिंत नाहीतर आभाळ. दागिन्यांमागे कुठे कुठे सोन्याचा वर्ख. डावे-उजवेही उलटे धरायचे. चेहरा भरून झाल्यावर नजर थोडी चुकली असे वाटले, तरी तिथवर हात पोचत नाही, कारण ती रेघ रंगाखाली गेलेली असते.

इथे थोडे थांबा. आपल्यातही असे काही आहे का, जे सर्वांत आधी रेखले गेले, नंतरच्या सगळ्या थरांखाली गेले, आणि लोकांना मात्र तेच पहिल्यांदा दिसते? उत्तर लगेच यायला हवे असे नाही. प्रश्न सोबत असू द्या.

मग हळूच दुसरा प्रश्न येऊ द्या. हे चित्र इथवर आले कसे?

ही कला युरोपातून चीनमध्ये गेली. अठराव्या शतकात कँटनच्या बंदरातून काचचित्रे जहाजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मराठी सरदारांच्या वाड्यांत त्यांना जागा मिळाली, आणि पुढे इथल्या चित्रकारांनी त्याच काचेवर आपले देव रंगवले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे आजही पाहता येतात. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेला तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दिला. त्याच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. छापील देव स्वस्तात घरोघर पोचले आणि काचेवर रंगवणारे हात कमी होत गेले.

आता मन थोडे दूर जाऊ द्या, रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात. तिथल्या निकुला गावी १६९९ मध्ये मरियामातेच्या लाकडावरच्या प्रतिमेतून अश्रू वाहिले, अशी श्रद्धा पसरली. यात्रेकरू येऊ लागले. प्रत्येकाला घरी न्यायला एक प्रतिमा हवी होती, म्हणून गावचे शेतकरीच काचेवर मरियामाता रंगवू लागले. काचेखाली नमुना ठेवायचा, रेघा गिरवायच्या, मग रंग भरायचे. पुढे साम्यवादी राजवटीत बरीच वर्षे तुरुंगात काढलेले धर्मगुरू झोसिम ओआन्चा यांनी १९६९ मध्ये सिबिएल गावात अशा प्रतिमांचे संग्रहालय उभे केले. गावकऱ्यांनी आपल्या घरच्या प्रतिमा आणून दिल्या. आज तिथे सुमारे ६०० आहेत. त्यांच्यावर रंगवणाऱ्याचे नाव बहुधा नसते. कुणाच्या घरातून आली, एवढाच धागा हाती उरतो, आणि तो धागा मोलाचा आहे.

परत भातकुलीला या. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेले भोजकट ते हेच, अशी इथली परंपरा आहे. ती मुखामुखांतून आली. भोजकटाचे नाव ताम्रपटातही आहे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या, पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख येतो. त्या तांब्याने स्वतःच आपली जन्मकथा सांगितली आहे: कुणी दिले, कुणाला दिले, राज्याचे कितवे वर्ष. सांगितलेले आणि कोरलेले, दोन्ही या मातीचेच आहे. दोन्हींचा मान ठेवावा, पण एकाच्या जागी दुसरे घालू नये.

देवघरातल्या चित्राबाबतही हेच धरा. “माह्या सासूनं आणलं होतं,” असे आजी म्हणते, तेव्हा ती एक साक्ष असते. चौकटीमागचा जुना कागद, दुकानाची चिठ्ठी, खिळ्यांची धाटणी ही दुसरी साक्ष. देवाला त्याचे मूळ विचारणे म्हणजे शंका घेणे नव्हे. ज्यांनी उपासतापास करून, घर बदलताना लुगड्यात गुंडाळून ही काच न फोडता आणली, त्यांना विसरून केलेला नमस्कार अर्धा राहतो.

पाहणे आणि आठवणे झाले की राखणे येते. काच रंग शोषून घेत नाही, रंग तिला नुसता धरून असतो. म्हणून चित्राच्या पाठीला ओले फडके कधी लावू नये. मागची फळी उगाच काढू नये. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा उन्हाची तिरीप येणाऱ्या किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टांगू नये. आणि शंभर वर्षांहून जुने चित्र १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशी पाठवायचा अधिकार खासगी माणसाला नाही. दारात येऊन ‘जुने काही आहे का’ विचारणाऱ्याला हे शांतपणे सांगता यावे.

आता डोळे उघडा. घरातल्या सर्वांत थोरल्या माणसापाशी जाऊन बसा आणि विचारा: हा देव आपल्याकडे कुणी आणला? जे त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते एका ओळीत लिहा, जे ऐकले ते दुसऱ्या ओळीत, खाली आपले नाव आणि तारीख घाला. कागद पाकिटात घालून देवघरातच ठेवा. उद्या आपली नात त्या चित्रापुढे हात जोडेल, तेव्हा तिला एकाच वेळी देवही भेटेल आणि आपली माणसेही.