डावीकडे वळताना



मागच्या आठवड्यात आजाऱ्यांच्या भेटी आटोपून परतत होतो. नगर-मनमाड रस्त्यावरून फाट्याशी मोटारसायकल डावीकडे वळवली आणि मागून एक शाळकरी मुलगा सायकलसकट माझ्या चाकावर आला. गुडघा खरचटला, एवढ्यावरच निभावले. तो म्हणाला, “फादर, मला वाटलं तुम्ही सरळ जाताय.” मी इंडिकेटर लावला नव्हता. खरे सांगायचे तर डावीकडे वळताना मी तो कधीच लावत नाही.

उजवीकडे वळताना मात्र विसरत नाही. फाट्यावर वळणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका नाही. समोरून ट्रक, मागून एस.टी.; खूण केली नाही तर मीच चिरडला जाईन. डावीकडे वळताना समोरून येणारा आड येत नाही. आड येतो तो सायकलवाला, पायी चालणारी बाई, आडरस्त्याला थांबलेला म्हातारा. त्यांच्यापासून मला काही भय नाही. म्हणजे माझा उजवीकडचा प्रामाणिकपणा भीतीपोटीच होता की काय?

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सेमिनरीत तो अभ्यासाला होता. खोटेपणा फसवण्याच्या हेतूत असतो, असा त्यातल्या विवेचनाचा रोख. त्या हिशेबाने मी खोटा ठरत नाही. पण माझा हेतू त्या मुलाला कुठून दिसणार? त्याला दिसते ती माझी पाठ आणि मागचा दिवा. रस्त्यावर काही न सांगण्याचाही अर्थ होतो : सरळ जातो आहे. उलटही घडते. वळून झाल्यावर दिवा तसाच लुकलुकत राहतो आणि आडरस्त्याचा माणूस त्यावर विश्वासून पुढे येतो.

१९८९ च्या वाहतूक नियमांत डावीकडे वळताना उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायला सांगितले होते. जीपचा चालक बसतो उजवीकडे, हातही उजवीकडेच निघतो. डाव्या अंगाच्या सायकलवाल्याला तो दिसावा कसा? उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा हात तर मागच्या कोणालाच दिसत नाही. त्या ट्रॅक्टरवाल्यांना मी दर गळीत हंगामात उपदेशातून बोल लावत आलो आहे.

करायला हवे होते ते केले नाही, याचीही क्षमा आपण मिस्सेत मागतो. तिथे मला नेहमी मोठमोठ्या गोष्टी आठवत.

मुलाची सायकल दुरुस्त करून दिली. शुक्रवारी तो पुन्हा दिसला, बरेच अंतर ठेवून माझ्या मागे येत होता. फाटा आला, मी डावा दिवा लावला. तरी तो पाय टेकून उभाच राहिला, मी पुरता वळेपर्यंत.