खाऊच्या विक्रींत दान कोणाचें?

हंगामाचा सण जवळ आला म्हणजे आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत एक गोष्ट हटकून निघते. एकाद्या अनाथ मुलाची फी भरावयाची असते, एकाद्या विधवेच्या घराचें छप्पर शाकारावयाचें असतें, अथवा एकाद्या रुग्णास औषधपाण्याकरितां मदत करावयाची असते. आणि दानपेटींतील रक्कम तर पुरत नाहीं. मग पंच ठरवितात कीं, भगिनींनीं घरून कांहीं सोपा, कमी खर्चाचा खाऊ करून आणावा, उपासनेनंतर मंदिराच्या ओसरीवर त्याची विक्री व्हावी, आणि आलेला पैसा त्या सत्कार्यास लावावा. ही चाल चांगली आहे. तिच्या योगानें पुष्कळांच्या अडचणी भागल्या आहेत. तथापि तिच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, व तो आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो प्रश्न असा: अशा विक्रींत खरोखर दान कोण करितो? खाऊ करणारी, कीं तो विकत घेणारा?

पैसा आला, काम झालें, आतां दान कोणाचें हें मोजून काय करावयाचें, असें कित्येक म्हणतील. परंतु ज्या गोष्टीचा हिशेब आपण ठेवीत नाहीं तिचा भार कोणावर पडतो हेंहि आपणांस कळत नाहीं. आणि नकळत दुसऱ्यावर भार घालून आपण उदार म्हणवून घेणें हें कोणासहि शोभत नाहीं. म्हणून हा हिशेब एकदां तरी करून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम एक साधें उदाहरण घेऊं. शेंगदाण्याचे लाडू हा आमच्या इकडचा अगदीं सोपा खाऊ. एक किलो दाणे मंद आंचेवर खमंग भाजावे, निवल्यावर चोळून सालें पाखडून टाकावीं, आणि पाऊण किलो चिरलेला गूळ घालून दोन्ही एकत्र कुटावीं. दाण्यांस स्वतःचेंच तेल सुटतें, म्हणून तूप लागत नाहीं. वेलची मिळाली तर उत्तम, न मिळाली तरी अडत नाहीं. २५ ग्रॅम वजनाचा एक ह्याप्रमाणें सुमारें ६५ लाडू होतात, व ते कोरड्या डब्यांत आठ दिवस सहज टिकतात. ह्याहूनहि कमी खर्चांत भागवावयाचें असेल तर कुरमुऱ्यांचे लाडू करावे. गुळाचा पाक करून त्याचा थेंब थंड पाण्यांत टाकून पाहावा. त्याची कडक गोळी झाली कीं कढई उतरावी, कुरमुरे घालावे आणि हातास पाणी लावून गरम असतांनाच लाडू वळावे. पाक निवला म्हणजे लाडू वळत नाहीं. म्हणून येथें दोघीजणी असाव्या. एकीनें ढवळावें व दुसरीनें वळावें. त्यांत हात किती भाजतात हें वळणारीसच ठाऊक.

आतां हिशेबाकडे वळूं. समजा, दाणे, गूळ व जळण मिळून आमच्या ह्या भगिनीस २०० रुपये लागले. समजा, बाजारांत तसाच लाडू ८ रुपयांस मिळतो, व मंदिराच्या ओसरीवरहि तो ८ रुपयांसच विकला. ६५ लाडवांचे ५२० रुपये आले. खजिनदार वहींत लिहितो: "खाऊच्या विक्रीपासून जमा ५२० रुपये." घेणारे आपापला लाडू खातात, दानधर्म केल्याच्या समाधानांत घरीं जातात. पण त्यांनीं दिलें काय? आठ रुपयांची वस्तु आठ रुपयांस घेतली. ह्यास खरेदी म्हणतात; दान म्हणत नाहींत. त्या ५२० रुपयांतील २०० रुपये त्या भगिनीच्या फडताळांतील डब्यांतून निघाले, आणि उरलेले ३२० रुपये तिच्या मनगटांतून निघाले. दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत निंदणी करून आल्यावर, भाकऱ्या थापून झाल्यावर, रात्रीं जागून तिनें जें काम केलें त्याची ती मजुरी होय. ती तिनें घेतली नाहीं. ती तिनें दिली. तोच लाडू १० रुपयांस विकला असता तर ६५० रुपये आले असते, आणि मग घेणाऱ्या सर्वांनीं मिळून १३० रुपये दान केलें असें म्हणतां आलें असतें. बाकीचें दान तेव्हांहि तिचेंच.

हा हिशेब आम्हीं नवीन काढलेला नव्हे. अमेरिकेंतील गर्ल स्काउट मुली आपल्या कार्याकरितां बिस्किटें विकतात, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्याचा आरंभ घरच्या चुलीपासूनच झाला. १९१७ सालीं ओक्लाहोमा प्रांतांतील मस्कोगी गांवच्या मुलींनीं घरीं बिस्किटें भाजून शाळेच्या उपाहारगृहांत विकलीं. पुढें जुलै १९२२ मध्यें त्यांच्या मासिकांत एक कृति छापून आली. सहासात डझन बिस्किटांच्या सामानास २६ ते ३६ सेंट लागतील, व तीं डझनास २५ ते ३० सेंट दरानें विकावीं, असा त्यांत अंदाज दिला होता. म्हणजे सामानास अधिकांत अधिक ३६ सेंट, व विक्री कमींत कमी १५० सेंट. मधले सव्वा डॉलराच्या जवळपास पैसे आले कोठून? ते मुलींच्या हातांतून, त्यांच्या आयांच्या भट्टीच्या उष्णतेंतून आणि त्यांच्या वेळांतून आले. सामानाच्या अंदाजांत हातांची किंमत धरलेली नव्हती. ती कोणी धरीत नाहीं, म्हणूनच घरचा खाऊ "स्वस्त" दिसतो.

ह्यावर पहिला आक्षेप असा कीं, स्वस्त वस्तु दान म्हणून आणणें हेंच मुळीं बरें नव्हे. दावीद राजानें यबूसी मनुष्याचें खळें व बैल फुकट घेण्याचें नाकारिलें, कारण ज्यास आपला कांहीं खर्च झाला नाहीं असें अर्पण देवास करणें त्याच्या मनास पटेना. हा आक्षेप विचारणीय आहे. पण त्याचें उत्तर वरील हिशेबांतच आहे. वस्तु स्वस्त आहे म्हणजे दान स्वस्त आहे असें होत नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच कीं, ती स्वस्त झाली कोणाच्या जिवावर?

कारण स्वस्ताई तीन मार्गांनीं येते. करणारी आपल्या श्रमानें खर्च वांचविते, हा पहिला मार्ग. तो थोर आहे. दुसऱ्या मार्गांत श्रम भलत्याचेच असतात. सासूबाईंनीं सभेंत पन्नास करंज्यांचा आंकडा सांगावा, आणि त्या रात्रभर सुनेनें लाटाव्या. किंवा धनिणीनें नांव द्यावें, आणि घरच्या मोलकरणीनें विनामोबदला तळणीपुढें बसावें. येथें दान ज्यांनीं केलें त्यांस कोणीं विचारलेंहि नव्हतें. ज्यास नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्याकडून घेतलेलें दान हें दान नसून वेठ आहे. तिसरा मार्ग सर्वांत वाईट. त्यांत स्वस्ताईची किंमत खाणारा देतो. जळकें तेल पुन्हां वापरणें, खवट खोबरें खपविणें, बुरशी लागलेले दाणे निवडून न टाकतां भाजून दडपणें, हीं त्याचीं उदाहरणें. बुरशीपासून दाण्यांत ॲफ्लाटॉक्सिन नांवाचें विष होतें, व तें भाजल्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं, हें आज सिद्ध झालेलें आहे. अनाथाच्या फीकरितां दुसऱ्याच्या मुलास विष चारणें हा कसला धर्म? तसेंच कित्येकांस शेंगदाणा मुळींच सोसत नाहीं व त्यानें त्यांच्या जिवावर बेततें. म्हणून खाऊंत काय घातलें आहे हें विचारण्यापूर्वींच सांगणें हें विकणारीचें कर्तव्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. दान गुप्त असावें. उजव्या हाताचें कृत्य डाव्यास कळूं नये, अशी आम्हांस शिकवण आहे. मग कोणत्या भगिनीनें किती श्रम केले हें उकरून कशास काढावें? ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं अमेरिकेंतीलच आणखी एक खरी हकीकत सांगणें इष्ट वाटतें, कारण खाऊ विकून सत्कार्य तडीस नेल्याचें इतकें ठळक उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

आलाबामा प्रांतांतील माँटगोमेरी शहरीं कृष्णवर्णीय उतारूंस बसगाडीच्या मागल्या भागांत बसावें लागे, व गोऱ्या उतारूंस जागा कमी पडल्यास उठावें लागे. १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स ह्या बाईंनीं उठण्याचें नाकारिलें व त्यांस अटक झाली. ५ डिसेंबरापासून तेथील कृष्णवर्णीय लोकांनीं बसगाड्यांवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. इतके दिवस हजारों लोकांस कामावर पोहोंचविण्यास मोटारी लागत, आणि मोटारींस पेट्रोल लागे. तेव्हां जॉर्जिया गिल्मोर नांवाच्या एका स्वयंपाकिणीनें कांहीं स्त्रियांस एकत्र केलें. त्या आपापल्या घरीं केक भाजीत, रताळ्याचें सारण भरलेले गोड पदार्थ करीत, मासे तळीत, आणि केशभूषेच्या दुकानांत, टॅक्सीच्या अड्ड्यांवर व प्रार्थनामंदिरांत तें सर्व विकीत. जमलेला पैसा गिल्मोरबाई आठवड्याच्या सभेंत देत. शहराच्या दुसऱ्या भागांतील स्त्रियांनींहि तसेंच मंडळ काढलें, व अधिक पैसा कोण आणितें ह्याविषयीं त्यांच्यांत गोड चढाओढ चाले.

गिल्मोरबाईंच्या मंडळाचें नांव मोठें अर्थपूर्ण होतें. त्याचा अर्थ "कोठूनहि न आलेल्यांचें मंडळ" असा होतो. त्या स्त्रियांपैकीं कित्येकजणी गोऱ्यांच्या घरीं चाकरी करीत. बहिष्कारास आपण पैसा पुरवितों हें उघड झालें असतें तर त्यांची चाकरी गेली असती. गिल्मोरबाईंनीं १९५६ सालीं न्यायालयांत बसगाड्यांतील वागणुकीविरुद्ध साक्ष दिली, आणि त्यांची स्वतःची नोकरी गेलीच. पुढें त्या घरींच स्वयंपाक करून चरितार्थ चालवूं लागल्या. म्हणून, पैसा कोठून आला असें कोणी पुसल्यास "कोठूनहि नाहीं" असें सांगतां यावें, अशी ही योजना होती. कोणी केलें व कोणी दिलें हें त्या एकट्याच जाणत. डिसेंबर १९५६ मध्यें न्यायालयाच्या निकालानें ती भेदाची रीत बंद झाली.

ह्या हकीकतींत आमच्या आक्षेपाचें उत्तर आहे. त्या स्त्रियांचीं नांवें गुप्त राहिलीं, तीं त्यांच्या इच्छेनें व त्यांच्या रक्षणाकरितां. त्यांचें दान मात्र गुप्त राहिलें नाहीं. भर सभेंत रक्कम सांगितली जाई, आणि ती स्वयंपाकघरांतून आली आहे हें ऐकणाऱ्यांस ठाऊक असे. येथें भेद नीट लक्षांत घ्यावा. गुप्तपणाचा नियम देणाऱ्यासाठीं आहे. आपलें दान मिरवूं नये हें त्यास सांगितलें आहे. घेणाऱ्यानें विसरून जावें असें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. देणाऱ्यानें लपविलें तर ती नम्रता. घेणाऱ्यानें लपविलें तर तो कृतघ्नपणा. यापो येथील दुर्कस मरण पावली तेव्हां ती आपल्या कामाविषयीं कांहीं बोलूं शकत नव्हती. पण गांवच्या विधवा तिनें शिवलेले अंगरखे हातांत घेऊन पेत्रापुढें रडत उभ्या राहिल्या. हात कोणाचे होते हें त्या विसरल्या नव्हत्या.

आमच्या मंडळ्यांत पुष्कळदां ह्याच्या उलट होतें. लिलावांत कोणी सद्गृहस्थ एका लाडवास १०० रुपये बोलतात. त्यांतील ९२ रुपये हें त्यांचें दान खरेंच, व त्याबद्दल त्यांचा आभार मानणें योग्यच आहे. पण त्यांचें नांव टाळ्यांच्या गजरांत पुकारलें जातें, आणि लाडू वळणारी ओसरीच्या टोकास पदर सांवरून उभी असते. तिचें नांव कोणाच्या तोंडीं येत नाहीं. ह्याचा परिणाम असा होतो कीं, जिच्याजवळ ज्वारीच्या लाह्यांपलीकडे आणावयास कांहीं नाहीं ती पुढच्या वर्षीं शरमेनें येतच नाहीं. एवढें आमचें नुकसान होतें, व तें वहींत कोठेंच दिसत नाहीं.

तर मग करावें काय? विक्री बंद करावी असें आमचें मत मुळींच नाहीं. पंचांनीं चार गोष्टी मात्र अवश्य पाळाव्या. सामानाचा खर्च जिला झेपत नाहीं तिला तो मंडळीच्या पैशांतून आधींच द्यावा, म्हणजे तिला श्रमाचें दान मोकळ्या मनानें करितां येईल. किती आणावें हें करणारीनें ठरवावें; सभेंत आंकडे बांधून देऊं नयेत, आणि न आणणारीस कारण पुसूं नये. भाव बाजारापेक्षां थोडा चढा ठेवावा, म्हणजे घेणाराहि दानांत भागीदार होईल. मात्र लहान मुलांकरितां एक ताट अल्प किंमतीचें राखून ठेवावें, नाहीं तर गरिबाचें पोर पाहत उभें राहील. आणि हिशेब वाचून दाखवितांना आलेल्या रकमेबरोबर इतकेंहि सांगावें कीं, इतक्या घरच्या हातांनीं इतके लाडू वळले. नांवें सांगावयाचीं असल्यास त्या त्या भगिनीची संमति घ्यावी.

घेणाऱ्यांसहि आमचें एक सांगणें आहे. बंधूंनो, लाडू हातीं घेतांना त्याची बाजारांतील किंमत मनांत आणा. तेवढे पैसे वस्तूचे. त्यापुढें जें टाकाल तें तुमचें दान. आणि तेंहि आपल्या ऐपतीप्रमाणें टाका. कांहींच जास्त टाकवत नसेल तरी शरमूं नका. लाडू घ्या, आवडीनें खा, आणि तो कोणीं वळला हें जाऊन विचारा.