वडेवाल्याचा सल्ला

कोपर स्टेशनाबाहेर एक वडेवाला गाडी लावायचा. जवळच्याच चाळीतली एक मुलगी ठाण्याला कामाला जायची. जलद लोकल कोपरला थांबत नाही, धीमी पकडायची आणि तीही डोंबिवलीहून भरून आलेली. म्हणून ती चहाचे दोन घोट घेऊन पळायची. आई म्हणायची, "अगं, दोन घास तरी खा." "वेळ नाही गं. तेवढंच वजन उतरेल."

दुपार कशीबशी निभायची. पण परतताना मुंब्रा मागे पडलं की तिचा जीव नुसता खाई खाई करायचा. उतरल्याबरोबर दोन वडापाव, घरी जेवण अर्धवट आणि झोपायच्या आधी फरसाणाचा डबा. मग ती स्वतःलाच बोल लावायची, "माझा जिभेवर ताबाच नाही."

एका संध्याकाळी वडेवाल्याने वडा निथळत ठेवला, पण पावात भरला नाही.

"ताई, सकाळी काही खाता का?"

"नाही, काका."

"मग जिभेचा काय दोष? सकाळची उधारी पोट संध्याकाळी व्याजासकट वसूल करतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशीच आहेत. पण तुमच्याएवढी लेक आहे मला, म्हणून बोललो."

दुसऱ्या दिवशी आईने भिजवलेले मूग आलं-मिरची घालून वाटले, घावन घातलं, सोबत उकडलेलं अंडं दिलं. पहिले काही दिवस घास उतरेना. रात्री उशिरा फरसाण खाल्ल्यावर सकाळी भूक कुठून लागणार? आधी तो डबा बंद झाला, मग सकाळची भूक परत आली आणि हळूहळू संध्याकाळची वखवख ओसरली.

मूग-अंडं उगाच नव्हतं, ते प्रथिनांसाठी होतं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात हेदर लायडी यांनी न्याहारी टाळणाऱ्या, वजन जास्त असलेल्या 20 तरुणींवर अशा न्याहारीचा परिणाम तपासला. 2013 साली छापलेला निष्कर्ष असा : 35 ग्रॅम प्रथिनांच्या न्याहारीने संध्याकाळचं तेलकट-तुपकट खाणं न्याहारी टाळलेल्या दिवसांपेक्षा कमी झालं. तेवढ्याच उष्मांकांच्या, पण 13 ग्रॅम प्रथिनांच्या न्याहारीने ते साधलं नाही. नुसत्या चहा-बिस्किटावर निघणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

मुलगी पुढेही शनिवारी वडापाव घ्यायची, पण एकच आणि चवीने. एकदा तिने वडेवाल्याला घरचं घावन नेऊन दिलं. महिनाभरात त्याने सकाळचीही गाडी लावली आणि लोकल गाठणाऱ्यांच्या हातात गरम घावन कागदात गुंडाळून देऊ लागला.