जुने यंत्र, नवे यंत्र आणि कारभाऱ्याचा विवेक

वस्तू जुनी झाली म्हणजे तिचे काय करावे, हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना फारसा पडत नसे. फाळ बोथट झाला की लोहाराचा भाता, भांड्याची कल्हई उडाली की कल्हईवाला, लुगडे विरले की त्याची वाकळ. वस्तू टाकून देण्याचा विचार सर्वांत शेवटी येई. आज तो सर्वांत आधी येतो. म्हणूनच घरांत, शाळांत आणि धर्मग्रामांच्या कार्यालयांत एक साधासा वाटणारा प्रश्न वारंवार उभा राहतो : जुना संगणक सुधारून घ्यावा, की नवा आणावा? हा प्रश्न तंत्राचा समजून आपण तो दुकानदारावर सोपवतो. आमच्या मते तो निम्माच तंत्राचा आहे. उरलेला निम्मा नीतीचा आहे, आणि तो दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.

प्रथम तंत्राची बाजू पाहू. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप केले, तेव्हापासून एक क्रम आपल्या परिचयाचा आहे. गळीत हंगाम संपला की यंत्रे उघडली जातात, झिजलेले भाग बदलले जातात आणि पुढच्या हंगामासाठी कारखाना सज्ज होतो. एक रोलर झिजला म्हणून कोणी कारखाना मोडीत काढीत नाही. टेबलावरच्या डेस्कटॉप संगणकाचेही असेच आहे. तो सुट्या भागांचा बनलेला असतो. दहा-बारा वर्षांचे यंत्र मंदावले, तर बहुतेक वेळा दोष त्याच्या मेंदूचा नसतो. आत गरगर फिरणारी जुनी हार्ड डिस्क माहिती शोधण्यात वेळ घालवीत असते. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि चार जीबीची रॅम आठ जीबी केली, तर तेच यंत्र तरतरीत होते. तारीख-वेळ विसरणाऱ्या यंत्राला कित्येकदा नाण्याएवढी एक बॅटरीच हवी असते. पंख्यातली धूळ झटकल्याने गरम होणारे यंत्र थंड होते. हा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश असतो.

तथापि सुधारणेलाही सीमा आहे. जुन्या मदरबोर्डवर नव्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ ची रॅम शिरत नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० चा नेहमीचा आधार थांबवला. पुढची विंडोज-११ ही प्रणाली टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था मागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. अशा रीतीने कोट्यवधी धडधाकट यंत्रे एका तारखेने ‘जुनी’ ठरली. त्यांचा एक भागही तुटलेला नव्हता.

मग टाकून द्यावीत काय? येथे थोडे थांबावे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या एका अभ्यासाने २००४ साली हिशेब मांडला होता : त्या काळचा एक डेस्कटॉप व त्याचा पडदा घडवण्यासाठी किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागत असे. आजची यंत्रे वेगळी आहेत, पण धडा तोच आहे. यंत्र आपल्या दारी येण्यापूर्वीच पृथ्वीने त्याची मोठी किंमत मोजलेली असते. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या गावांना दीड टन पाणी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आणि यंत्राच्या शेवटाचे काय? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद नाही. उरलेल्यापैकी बराच दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो. तेथे गरिबांची मुले-माणसे तारा जाळून तांबे काढतात आणि तो धूर छातीत घेतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ‘टाकून देण्याच्या संस्कृती’वर बोट ठेवले, ते याच कारणाने. वस्तू फेकण्याची सवय शेवटी माणसे फेकण्यापर्यंत जाते.

एवढे वाचून ‘दुरुस्ती हाच धर्म’ असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही. काटकसरीलाही एक आंधळेपण असते. आमच्याच कार्यालयाचे पाहा. तेथील यंत्र चौथ्या पिढीचे. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी, रविवारची पत्रके, जुनी पत्रे, सारे त्यावर आहे. त्यातले कितीतरी मजकूर श्रीलिपी व आयएसएमच्या जुन्या टंकांत आहेत, जे युनिकोडमध्ये रूपांतर केल्याविना नव्या यंत्रावर नीट वाचताही येत नाहीत. या कामासाठी ते यंत्र सुधारून ठेवणे शहाणपणाचेच आहे. परंतु त्याच यंत्रावर शेतमजुरांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. त्यांत आधार क्रमांक असतो, बँकेचे खाते असते. सुरक्षेचा आधार संपलेल्या प्रणालीवर हे काम चालू ठेवले आणि उद्या माहिती चोरीस गेली, तर वाचलेले पैसे आमचे आणि बुडालेले पैसे त्या आईबापांचे. मंद यंत्रापुढे तासभर ताटकळणाऱ्या मजुराचा दिवसाचा रोजही असाच बुडतो. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या बचतीला काटकसर म्हणत नाहीत.

आमच्या मते विवेकाची कसोटी येथे आहे. जुने चालवण्याचा त्रास आपण स्वतः सोसणार असू, तर खुशाल चालवावे. तो सद्गुण आहे. तो त्रास आपल्याहून दुबळा माणूस सोसणार असेल, तर नवे घ्यावे. ती उधळपट्टी नव्हे. नव्याचा मोहही याच कसोटीवर घासावा. शेजारच्या धर्मग्रामात आले म्हणून, वा पाहुण्यांना दिसावे म्हणून घेतलेल्या यंत्राचे पैसे दानपेटीतून जातात, आणि त्या पेटीत ऊसतोडणीच्या उचलीतली नोटही असते.

यानुसार आमच्या कार्यालयाचा मार्ग सरळ दिसतो. जुन्या यंत्राला एसएसडी व रॅम द्यावी, इंटरनेटपासून ते दूर ठेवावे आणि नोंदी व छपाईचे काम त्यावर चालवावे. नोंदींची एक प्रत मात्र निराळ्या जागी ठेवावी. लोकांचे अर्ज भरण्यासाठी सुरक्षित असे एक साधे नवे यंत्र घ्यावे. ज्या घरी ऑनलाइन कामच थोडे आहे, तेथे जुन्या यंत्रावर लिनक्स घालूनही भागते. ती प्रणाली विनामूल्य मिळते आणि मराठीही जाणते.

आणखी एक सांगणे आवश्यक वाटते. चालेनासे झालेले यंत्र वसतिगृहाला ‘दान’ करून मोकळे होण्याची रीत वाढते आहे. आपल्याला जे निरुपयोगी, ते गरिबाला पुरेसे, हा विचार दानाचा नव्हे. द्यायचे असेल तर दुरुस्त करून, चालते करून द्यावे. ज्यात काहीच उरले नाही, ते डिस्कवरील माहिती पुसून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी त्याची व्यवस्था लावली आहे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवल्याने आपली जबाबदारी संपत नाही, ती केवळ दृष्टीआड होते.

वाचकहो, संगणक आज आहे, उद्या दुसरे काही येईल. प्रश्न मात्र पुन्हा हाच राहील : हे ठेवल्याने कोणाला सोसावे लागेल, आणि टाकल्याने कोणाला? खरेदीपूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून हे दोन प्रश्न विचारावेत. मुलांना कारभारीपण शिकवण्याची याहून सोपी शाळा नाही.